सायलेन्सरचा सांधा पाना लागेल असाच हवा

या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली, जीएसटीची विवरणपत्रे आणि सणासुदीचा उठाव यांवर नेहमी चर्चा होते. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. तळहातावर चार-पाच मावतील एवढा तो लहान आहे. आम्ही बोलणार आहोत ते बाजारच्या जुन्या व्हॅनच्या सायलेन्सरला लागणाऱ्या नट, बोल्ट आणि क्लॅम्पविषयी. कपड्याच्या व्यापाऱ्याने लोखंडात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, ज्या गाडीवर आपला माल, आपला पोरगा आणि आपला ड्रायव्हर बसतो, तिचे लोखंड हा आपल्या धंद्याचाच भाग आहे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोकणपट्टीत सायलेन्सरचा नट गंजला, तुटला किंवा आटे गेले की "वेल्डिंग मारून टाक" ही जी रीत पडली आहे, ती बंद झाली पाहिजे. सांधा पाना लावून उघडता येईल असाच बांधावा, योग्य धातूचा नट वापरावा आणि वर्षातून दोनदा तो तपासावा. त्यात पैसा कमी जातो आणि जिवाचा धोकाही कमी होतो. या मताची कारणे पुढे देत आहोत.

बाजारची गाडी म्हणजे दुसरे दुकान

आमचे गाव पिंगुळी. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, कुडाळची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे आणि मालवण व वेंगुर्ला ही दोन्ही बंदरे तासाभराच्या आत गाठता येतात. आमच्यासारखे लहान व्यापारी गावातल्या दुकानावरच अवलंबून राहू शकत नाहीत. कुडाळ, मालवण, सावंतवाडी, कणकवली, वेंगुर्ला अशी आठवडी बाजारांची फेरी करावी लागते. साड्यांचे गठ्ठे, चादरी, लुंग्या, तयार कपडे हे सारे गाडीत भरून पहाटे निघायचे आणि रात्री परतायचे, हा शिरस्ता आहे.

या फेऱ्यांसाठी आजही पुष्कळांकडे मारुतीची ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. काहींकडे २०१० नंतरची ईको आहे, काहींकडे टाटाच्या लहान गाड्या. गाडी कोणतीही असो, नवी घेण्याची ऐपत नसते म्हणून किंवा जुनी अजून इमानाने चालते म्हणून, आपण ती सांभाळतो. सांभाळण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र सांभाळायची तर नीट सांभाळावी.

ओम्नीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन, आणि त्यातून निघणारा जळका वायू ज्या सांध्यातून पाइपात जातो, तो सांधा ड्रायव्हरच्या बैठकीपासून फार लांब नाही. लांब बॉनेटच्या गाडीत तिथून वायू गळला तर बराचसा बाहेर उडून जाईल. व्हॅनमध्ये तो सीटखालच्या झाकणाच्या फटीतून थेट माणसांत येऊ शकतो.

आपल्याकडेच नट इतका का सडतो

मालेगावचा किंवा इचलकरंजीचा व्यापारी म्हणेल, "आमच्या गाडीचा नट वर्षानुवर्षे हलला नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. तिथली हवा कोरडी आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर समुद्राची खारी हवा. मीठ हवेतला दमटपणा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलेच राहते. दिवसा गाडी चालून नट तापतो, रात्री थंड होऊन पुन्हा ओल धरतो. तापणे, निवणे, भिजणे, सुकणे हे चक्र रोज चालते. प्रत्येक वेळी गंजाचा एक थर सुटतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते.

हे झाले बाहेरून. सायलेन्सर आतूनही सडतो, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन चांगले तापले असेल तर ते वाफ होऊन निघून जाते. परंतु पिंगुळीहून कुडाळच्या बाजारात जाऊन गाडी बंद केली, तासाभराने पुन्हा परत आणली, तर पाइप पुरता तापतच नाही. पाणी पाइपातच थिजते, जळक्या वायूतील आम्ल त्यात मिसळते आणि पत्रा व सांधे आतून खाल्ले जातात. म्हणून कोल्हापूरच्या लांब फेऱ्या करणाऱ्या गाडीपेक्षा रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुष्कळदा आधी जातो. "आमची गाडी तर गावातल्या गावातच फिरते" हे समाधान इथे कामाचे नाही.

सैल नटाची किंमत

एक नट सैल झाला तर काय होते? प्रथम आवाज येतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक ऐकू येते आणि गाडी तापली की बंद होते, कारण धातू फुगून फट मिटते. मिस्त्रीकडे नेईपर्यंत आवाज नाहीसा, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. फटीतून निसटणारा गरम वायू मधले पॅकिंग जाळतो. एका नटाचा भार शेजारच्या नटांवर पडतो. मग दुसरा स्टड तुटतो. शेवटी मॅनिफोल्डचे तोंड वाकते आणि जे काम एका नटात झाले असते, त्याला लेथवाल्याकडे जावे लागते.

इंजेक्शनवाल्या गाडीत आणखी एक नुकसान आहे. सायलेन्सरच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या आधीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरची फसगत होते. पेट्रोल कमी पडते आहे असे समजून यंत्रणा जास्त पेट्रोल सोडते. गाडीचे अॅव्हरेज पडते, पीयूसीच्या तपासणीत आकडा बिघडतो आणि मालक पेट्रोलपंपाला दोष देत बसतो.

हे सगळे पैशाचे नुकसान झाले. जिवाचे नुकसान वेगळे. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग झापड येते. ही लक्षणे घाटात गाडी लागण्यासारखीच असतात, आणि धोका नेमका इथेच आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमची गाडी इचलकरंजीहून माल घेऊन फोंडा घाटाने येत होती. पाऊस जोराचा, काचा बंद. दाजीपूरच्या आसपास गाडीतल्या पोराचे डोके भयंकर दुखू लागले. ड्रायव्हर वयाने मोठा आणि अनुभवी माणूस. त्याने पोराला "लिंबू चोख" म्हटले नाही, गाडी बाजूला घेतली, काचा उघडल्या आणि सीट उचलून पाहिली. मॅनिफोल्डचा एक नट जागेवर नव्हता आणि सांध्याभोवती काळी काजळी होती. तेवढ्यावर निभावले. त्याच्या जागी नवखा ड्रायव्हर असता तर त्याने घाट उतरेपर्यंत दम धरला असता.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मरण पावलेली आढळली. तपासात कारण निघाले कार्बन मोनॉक्साइड. गाडीतल्या जनरेटरचा वायू आत शिरला होता. तिथे जनरेटर होता, आपल्याकडे इंजिन आहे. वायू एकच आहे. बाजारच्या आदल्या रात्री गाडीतच झोपणारे आपले किती बंधू आहेत, हे आठवावे. पंख्यासाठी किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे सांधा नवा असला तरी चूकच आहे. सांधा गळका असेल तर मग बोलायलाच नको.

वेल्डिंगची सवय

आता ज्या रीतीविरुद्ध आम्ही लिहीत आहोत तिच्याकडे वळू. गंजलेला नट फिरत नाही. जोर लावला तर स्टड मोडतो. मोडलेला स्टड ड्रिल मारून काढायचा तर तास-दोन तास जातात. बाहेर दुसरी गाडी उभी आहे, मालकाला बाजार गाठायचा आहे. अशा वेळी मिस्त्री दोन फ्लँज एकमेकांना वेल्ड करून टाकतो. आवाज बंद, गळती बंद, मालक खूश. मिस्त्रीला वाईट म्हणण्याचे कारण नाही. मालकाने जे मागितले तेच त्याने दिले.

पण पुढच्या वेळी काय होते? क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी पाइप उतरवायचा आहे, आणि तो उतरत नाही. कटरने कापावा लागतो. कापला की पुन्हा वेल्डिंग, आणि प्रत्येक वेल्डिंगला पाइपाचा पत्रा पातळ होतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, पाइप चेसीसला टांगलेला असतो. दोघांमधला सांधा थोडी हालचाल सोसण्यासाठी ठेवलेला असतो. तो कायमचा जखडला की हालचाल दुसरीकडे वाट काढते. मग मॅनिफोल्डला चीर जाते किंवा वरचे स्टड मोडतात. काही गाड्यांत त्या सांध्याला स्प्रिंगचे बोल्ट असतात. ते मुद्दाम सैलसर ठेवलेले असतात. त्यांच्या जागी साधा बोल्ट घालून करकचून आवळणे म्हणजे वेल्डिंगचाच दुसरा प्रकार होय.

कपड्याच्या भाषेत सांगायचे तर शिलाई ही उसवता येते म्हणूनच ती शिलाई. दर्जी शिवणीत कापड जास्त सोडतो, ते पुढे कपडा सैल करता यावा म्हणून. कापडाला कापड डिंकाने चिकटवले तर दुसऱ्या खेपेला कात्रीच लावावी लागेल. आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहा. हातापायाचा सांधा मोकळा असतो, दोरी बदलता येते, म्हणूनच बाहुली नाचते. सायलेन्सरचा सांधाही हलणारा आणि उघडणारा असावा.

वेल्डिंगला जागाच नाही असे आम्ही म्हणत नाही. सायलेन्सरच्या डब्याला भोक पडले, टांगणीचा पत्रा सुटला, तर वेल्डिंग करावेच. आमचा आक्षेप आहे तो जिथे कंपनीने नट दिला आहे तिथे वेल्डिंग करण्याला. आणि वेल्डिंग करणाऱ्या बांधवांना एक विनंती. झिंकचा मुलामा असलेला नट किंवा पत्रा तसाच वेल्ड करू नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. मुलामा घासून काढा, उघड्यावर काम करा. गाडीत कापडाचा माल असेल तर तो आधी उतरवा आणि बॅटरीची तार सोडा.

नट निवडताना

हार्डवेअरच्या दुकानात नट वजनावर मिळतो आणि सगळे नट सारखेच चमकतात. पण सायलेन्सरच्या प्रत्येक जागेची गरमी वेगळी आहे, म्हणून प्रत्येक जागेचा नटही वेगळा असायला हवा. आम्ही जाणत्या मिस्त्रींकडून जे शिकलो आणि वापरून पाहिले ते असे.

पहिली जागा इंजिनजवळची, मॅनिफोल्डची. इथे स्टड असतात, म्हणजे डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे. इथून जाणारा वायू कित्येकशे अंश सेल्सिअस तापलेला असतो. झिंक सुमारे ४२० अंशांना वितळते, त्यामुळे झिंकचा चकचकीत मुलामा इथे टिकत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. तो ताकदीचा आकडा आहे. मोठा आकडा म्हणजे गरमीत जास्त टिकाऊ, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून १०.९ चा बोल्ट घालून निर्धास्त होऊ नये. या जागी कंपनीचाच स्टड आणि तांब्याचा मुलामा असलेला किंवा पितळी नट घ्यावा. पितळ लोखंडासारखे गंजून जाम होत नाही आणि जोर पडला तर नटाचे आटे जातात, स्टड वाचतो. नट फेकून देता येतो, इंजिनाचे हेड फेकता येत नाही.

स्टेनलेस स्टीलविषयी फार गैरसमज आहे. गंजत नाही म्हणून पुष्कळ जण इंजिनाच्या हेडमध्येही स्टेनलेसचे स्टड घालतात. ओम्नीचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. शिवाय स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त वाढते, त्यामुळे आवळलेला सांधा सैल पडू शकतो. आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना असे चिकटतात की कापल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणून हेडमध्ये स्टेनलेस नको.

दुसरी जागा मधल्या आणि मागच्या पाइपांच्या फ्लँजची व क्लॅम्पची. इथे गरमी कमी आणि खारे पाणी जास्त. इथे स्टेनलेस शोभते. ए-२ असा शिक्का असेल तर तो ३०४ प्रतीचा, ए-४ असेल तर ३१६ प्रतीचा. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, म्हणून मिठापुढे तो जास्त टिकतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरावर गाडी लावणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे देऊन ए-४ घ्यावा. बोल्ट स्टेनलेसचा आणि नट पितळी ठेवला तर चिकटण्याची भीती राहत नाही. विकत घेताना खिशात लोहचुंबक असावे. बोल्ट चुंबकाला गच्च चिकटला तर तो या प्रतीचा नाही, नुसता मुलाम्याचा किंवा हलक्या जातीचा आहे. किंचित ओढ वाटली तर हरकत नाही.

तिसरी जागा टांगणीची. इथे झिंकचा बोल्ट चालतो, पण दरसाल बदलावा. इथले रबर नटापेक्षा महत्त्वाचे. रबर तुटले की साऱ्या सायलेन्सरचे वजन वरच्या स्टडवर लोंबते. पुष्कळदा वरचा स्टड पुन्हा पुन्हा तुटतो आणि कारण मागे, फाटलेल्या रबरात असते.

एक नट कुठेच वापरू नये. तो म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला लॉकनट. थंड जागी तो उत्तम आहे. सायलेन्सरच्या गरमीत नायलॉन वितळते आणि लॉक नावालाच उरतो. सुटू नये असा नट हवा असेल तर पूर्ण धातूचा, तोंड किंचित दाबलेला लॉकनट मागावा.

आणखी एक खबरदारी आट्यांची. आठ मिलिमीटरचा नट बहुधा १.२५ आट्यांचा असतो, पण दहा मिलिमीटरमध्ये १.२५ आणि १.५ असे दोन्ही मिळतात. दिसायला सारखे, बसायला वेगळे. जुना नट बरोबर नेऊन हाताने फिरवून पाहावा. बोटांनी चार फेरे सहज गेला तरच तो आपला. पान्याच्या जोरावर बसवलेला नट आटे कापून बसतो.

बसवणे आणि सांभाळणे

जुना नट काढण्याआधी आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे आणि सकाळी पुन्हा मारावे. सहा कोनांचा गोटी पाना पूर्ण बसवून प्रथम नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडावा. गंजाची पकड अशाने तुटते. आटे तारेच्या ब्रशने साफ करून तांब्याची पेस्ट पातळ लावावी. साधे ग्रीस जळून जाते आणि उलट नट जखडते. पॅकिंग दरवेळी नवे. जुने पॅकिंग लाल सिमेंट फासून पुन्हा बसवणे ही बचत नव्हे.

मॅनिफोल्डचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. आठ मिलिमीटरच्या साध्या पोलादी स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा. पेस्ट लावलेल्या किंवा पितळी नटाला जोर थोडा कमीच द्यावा. लांब पाइप लावून आवळणे ही ताकद दाखवण्याची जागा नाही. अॅल्युमिनियममधले आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्यावे. एक-दोन दिवस गाडी तापून निवली की थंड असताना नट पुन्हा एकदा पाहावेत, कारण नवे पॅकिंग दबते.

तपासणीला वर्षात दोन मुहूर्त पुरेत. एक मृगाच्या आधी आणि एक दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर. सकाळी थंड गाडी उघड्या जागेत सुरू करून टिक-टिक ऐकावी. सांध्याभोवती काजळीचा पट्टा दिसतो का पाहावे. शंका वाटली तर गाडी थंड असतानाच कापडाचा जाड बोळा मागच्या नळीवर क्षणभर धरावा. कुठे गळत असेल तर फुस्स असा आवाज स्पष्ट येतो. कापडाची आपल्याकडे कमतरता नाही. बंदरावरून किंवा वाळूतून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी, सायलेन्सर थंड झाल्यावर, खालून गोड्या पाण्याने धुवावी.

आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल फवारण्याची चाल आहे. चेसीसला त्याचा फायदा होत असेल, पण सायलेन्सरवर आणि त्याच्या नटांवर ते पडू देऊ नये. तिथे ते जळते, धूर आत येतो आणि आग लागण्याचाही धोका असतो. सायलेन्सरला गरमी सोसणारा चंदेरी रंग लावावा.

गठ्ठे जास्त झाले म्हणून मागचा दरवाजा दोरीने अर्धवट बांधून गाडी पळवणे, हे तर बाजाराच्या दिवशी सर्रास दिसते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि नळीतून निघालेला वायू उघड्या दरवाजातून आत ओढला जातो. सारे नट नवे असले तरी हा वायू आत येतोच. दरवाजा लागेल एवढाच माल भरावा.

घासाघीस कुठे करावी

शेवटी व्यापाऱ्यांना दोन शब्द आणि कारागिरांना दोन शब्द.

व्यापारी बंधूंनो, आपण गिऱ्हाइकाला सांगतो की पक्क्या रंगाला थोडी जास्त किंमत पडते. आणि गॅरेजमध्ये गेलो की स्वतः कच्च्या रंगाचे गिऱ्हाईक होतो. मिस्त्रीने पितळी नट आणि नवे पॅकिंग सांगितले की आपण म्हणतो, "उस्ताद, सध्या चालवून दे." या 'चालवून दे' मधूनच वेल्डिंग जन्मते. मोडलेला स्टड नीट काढायला लागणारे दोन तास हे कसबाचे तास आहेत. त्याची मजुरी द्यावी, घासाघीस करू नये. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गाडी नेऊन "सकाळी पाहिजे" म्हणू नये. गाडी जुनी आहे, आज ना उद्या भंगारात जाईल, असे म्हणून खर्च टाळणारे त्याच गाडीत उद्या आपल्या पोराला बसवतात, हे त्यांनी विसरू नये. खासगी गाडीची १५ वर्षांनंतरची नोंदणी काय किंवा व्यापारी गाडीचा फिटनेस काय, तपासणीला उभे राहावेच लागते. धूर आणि आवाज तिथे लपत नाहीत.

कारागीर बांधवांनो, गाडीच्या खाली काय बसवले हे मालकाला दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी चोख काम करणे यालाच आपल्या वडीलधाऱ्यांनी इमानदारी म्हटले. कोणत्या जातीचा नट घातला हे बिलावर लिहा. काढलेला जुना नट मालकाच्या हातात द्या. वेल्डिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा तरी नाही म्हणून कारण समजावून सांगा. मोडलेला स्टड न दुखावता काढणारा, हेलिकॉइल बसवणारा माणूस आपल्या भागात शोधावा लागतो. तरुण मुलांनी हे हुनर हातात घेतले तर काम त्यांच्याकडे चालत येईल. आणि हार्डवेअरच्या दुकानदारांनी पितळी नट, ए-४ चे बोल्ट, तांब्याची पेस्ट हा माल थोडाथोडा ठेवावा. मागणी नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून मागणी नाही, हा फेरा कोणीतरी तोडायला हवा. गावातल्या पाच-सहा गाडीवाल्यांनी मिळून एकदम मागणी दिली तर दुकानदार नाही म्हणणार नाही.

मृगाला अवकाश असेल तर उद्याच, आणि पाऊस सुरू झाला असेल तर आजच, सीट उचलून एकदा खाली पाहावे. किती नट असायला हवेत आणि किती आहेत, एवढे मोजले तरी पुष्कळ झाले.